गुडघा जातो तेव्हा विद्यार्थी कुठे असतो? फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील फिजिओथेरपी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि इंटर्नचा रोस्टर लावणारे सर्व विभागप्रमुख यांस,

सविनय नमस्कार.

हिवाळा सुरू झाला की मला काही फोन ठरलेले येतात. "मॅडम, आमच्या मंडळाची कबड्डी आहे, प्रकाशझोतात, मॅटवर. कॉलेजच्या दोन मुली पाठवा ना. बॅनरवर कॉलेजचं नाव टाकतो, जेवणाची सोय करतो." मी विचारते, मुलींसोबत त्यांचे सर किंवा मॅडम कोण येणार? पलीकडे क्षणभर शांतता. मग उत्तर येतं, "अहो, सरांचं काय काम? नुसता स्प्रे तर मारायचाय."

त्या स्प्रेवरूनच हे पत्र लिहायला बसले.

मी गेली वीस वर्षं सांगली-कोल्हापूरकडच्या मैदानांवर फिजिओथेरपिस्ट म्हणून उभी राहते. मुख्यतः कबड्डी आणि खो-खो, अधूनमधून तालमीतले पैलवान. दवाखाना आहे, पोट त्याच्यावरच चालतं. पण जे काही शिकले ते मैदानावर, आणि शिकले ते चुकत चुकत. त्यातली एक चूक सांगते, म्हणजे मी कशासाठी एवढी हातघाईवर आले आहे ते कळेल.

२००५ साल. बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, होऊन मला तीन महिने झाले होते. कृष्णाकाठच्या एका गावची जत्रा, मातीचं मैदान, चारही बाजूंनी माणसं, झाडावरसुद्धा पोरं. डाव्या कोपऱ्यावर खेळणारा एक मुलगा चढाईपटूचा पट काढायला गेला. मागून त्याच्याच संघाचे दोघे अंगावर आले, पाय जमिनीत रुतलेला आणि धड वळलेलं. तो बसला. मी पिशवी घेऊन पळाले. तो म्हणाला, "ताई, आत काहीतरी टक् झालं."

आता हा "टक्" म्हणजे काय, हे मला पाठ होतं. गुडघ्याच्या आतला पुढचा क्रूसबंध, म्हणजे एसीएल, तुटला की खेळाडू असंच सांगतो, हे मी परीक्षेत लिहून आले होते. हा बंध शाबूत आहे का ते हातानं तपासायची लॅकमन चाचणी मी वर्गमैत्रिणींच्या गुडघ्यांवर तीसेक वेळा तरी केली असेल. सगळे गुडघे धडधाकट. तुटलेल्या गुडघ्यावर एकदाही नाही. गुडघा सुटलेला असतो तेव्हा नडगीचं हाड हाताखालून पुढे सरकतं आणि शेवटी जो अटकाव लागायला हवा तो लागत नाही, हे वाक्य मला येत होतं. हाताला येत नव्हतं. भोवती शंभर माणसं, पंच शिट्टी तोंडात धरून उभे, आणि प्रशिक्षक विचारतायत, "खेळंल न्हवं?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी स्प्रे मारला आणि म्हणाले, "चालून बघ."

तो चालला. सरळ रेषेत माणूस तुटलेल्या एसीएलवरही चालतो, हे मला नंतर कळलं. तो परत आत गेला आणि पुढच्या काही मिनिटांतच चढाईपटूच्या मागे वळताना कोसळला. त्या दुसऱ्या पडण्यात गुडघ्यातली कूर्चेची गादीही फाटली. पुढे पुण्यात ऑपरेशन झालं, पण कबड्डी संपली ती संपलीच. आज त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. मला रस्त्यात भेटला की आदरानं "ताई" म्हणतो, चहा पाजल्याशिवाय सोडत नाही. किक मारताना गुडघा दगा देतो म्हणून स्वतःसाठी सेल्फ-स्टार्टचीच गाडी ठेवतो. त्यानं मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

मला त्या दिवशी ज्ञान कमी पडलं नव्हतं. मार्कं बघाल तर ते भरपूर होतं. कमी पडला तो सराव, आणि सरावापेक्षाही जास्त, शेजारी उभं राहून "थांब, त्याला आत सोडू नकोस" म्हणणारं एक अनुभवी माणूस.

आपण सगळे या क्षेत्रातले आहात, म्हणून पुढची गोष्ट तपशिलात सांगायला संकोच वाटत नाही. लॅकमन चाचणी सगळ्यात चांगली कधी कळते? दुखापतीनंतरच्या पहिल्या काही मिनिटांत. गुडघ्यात रक्त साकळायचं असतं, मांडीचे स्नायू अजून आखडलेले नसतात, खेळाडू अंग चोरत नाही. तास-दोन तास गेले की गुडघा भोपळ्यासारखा होतो आणि मग हात लावू देत नाही. म्हणजे जी चाचणी आपण तिसऱ्या-चौथ्या वर्षात शिकवतो, तिची खरी वेळ मैदानावरची. आणि आपल्या विद्यार्थ्याला तो गुडघा भेटतो कधी? ओपीडीत. तिसऱ्या आठवड्यात. आधी हाडवैद्याकडे हळद-चुन्याचा लेप होऊन, मग गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन होऊन, मग कुणीतरी एमआरआय काढायला सांगून. रिपोर्ट पाकिटातच असतो. निदान आधी वाचायचं आणि नंतर गुडघ्याला हात लावायचा, अशा उलट्या क्रमानं आपण विद्यार्थ्याचे हात तयार करतो.

घोट्याचंही तेच. घोटा मुरगळला की एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवायला १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी नियम बांधून दिले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड खालून ६ सेंटीमीटरपर्यंत दाबून बघायची, पायाच्या मधल्या भागातली दोन ठरावीक हाडं बघायची, आणि चार पावलं टाकता येतात का ते विचारायचं. सगळ्या विद्यार्थ्यांना हे तोंडपाठ आहे. पण घामानं आणि मातीनं माखलेल्या पायावर, खेळाडू कळवळत असताना, नेमकी ती कड अंगठ्याखाली सापडणं ही निराळी गोष्ट आहे. ती दहा पायांवर चुकल्यावर अकराव्या पायावर जमते. त्या दहा चुका शेजारी गुरू असताना होऊ द्यायच्या की पदवीनंतर कुणाच्या तरी जिवावर, एवढंच ठरवायचं आहे.

आपल्याकडून उत्तर येईल ते मला माहीत आहे. "आमचे विद्यार्थी मॅरेथॉनला जातात." जातात. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून होते आहे आणि आता तर तालुक्याच्या गावीसुद्धा दहा किलोमीटरची शर्यत असते. पहाटे चारला बस, अंतिम रेषेजवळ तंबू, रांगेनं येणाऱ्या पोटऱ्यांना ताण द्यायचा, बर्फ लावायचा, अकराला टी-शर्ट, केळं आणि प्रमाणपत्र घेऊन परत. मी स्वतः अशा तंबूंत उभी राहिले आहे. मजा येते, फोटो छान येतात. पण त्या दिवशी समोर आलेला माणूस विद्यार्थ्यानं आधी कधी पाहिलेला नसतो आणि नंतर कधी दिसणार नसतो. तो नेहमी कसा चालतो हे माहीत नाही, म्हणून आज लंगडतोय की त्याची चालच तशी आहे, हे कळायला मार्ग नाही. आपण लावलेल्या बर्फाचं पुढे काय झालं, हेही कळत नाही. एक दिवसाच्या अशा दहा शिबिरांची दहा प्रमाणपत्रं जमली तरी मैदानावरचं एक अख्खं दुखणं विद्यार्थ्यानं पाहिलेलं नसतं.

माझं मागणं एवढंच आहे. इंटर्नशिपमधले सलग चार आठवडे प्रत्येक विद्यार्थ्याला एकाच संघाबरोबर ठेवा. सरावाला, सामन्याला, प्रवासाला. तोच घोटा त्यानं मुरगळताना पाहावा, त्यालाच बर्फ लावावा, दुसऱ्या दिवशी त्याचीच सूज मोजावी, दहाव्या दिवशी त्यालाच एका पायावर उभं करावं आणि पंचविसाव्या दिवशी तोच घोटा चढाई करून परत येतो का ते रेषेबाहेर उभं राहून बघावं.

चार आठवड्यांचा आकडा मी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत ॲथलेटिक ट्रेनर नावाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यांची राष्ट्रीय संघटना १९५० साली उभी राहिली, १९९० साली तिथल्या वैद्यकीय संघटनेनं त्याला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली, आणि आता त्याचं शिक्षण पदव्युत्तर पातळीवर गेलं आहे. शाळा-कॉलेजच्या मैदानांपासून व्यावसायिक संघांपर्यंत हीच माणसं रेषेवर उभी असतात. आपल्याकडे ते काम थोडं फिजिओ करतो, थोडं प्रशिक्षक करतो आणि बरंचसं कुणीच करत नाही. तिथल्या अभ्यासक्रमाचे जे मानक आहेत, त्यांत विद्यार्थ्यानं किमान चार आठवडे सलग, दुसरं काही न करता, प्रत्यक्ष कामात बुडून काढायचे, ही अट आहे. बाकीची मैदानी कामं वेगळी. आणि दुसरी अट त्याहून महत्त्वाची. विद्यार्थी रुग्णाला हात लावत असताना त्याचा मार्गदर्शक तिथेच हजर हवा, गरज पडली तर मध्ये पडता येईल इतका जवळ. फोनवर नाही, "काही लागलं तर कळव" असं नाही.

२ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलोचा डामार हॅमलिन छातीवर आघात होऊन कोसळला, हृदय थांबलं. संघाचे सहायक ॲथलेटिक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी जागेवरच छाती दाबायला सुरुवात केली, मैदानातच विजेचा झटका दिला गेला, आणि हॅमलिन वाचला. नुसता वाचला नाही, त्याच वर्षी पुढच्या हंगामात परत खेळायला उतरला. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबायची, हे आपल्याही मुलांना माहीत असतं. पण आमच्या वेळी सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून हृदय चालू ठेवण्याच्या सरावाचा, एकच पुतळा होता आणि अख्खी बॅच रांगेत. माझ्या वाट्याला तो दीड मिनिट आला. आजही काही कॉलेजांतून आलेल्या मुलांना विचारते, तर फार फरक पडलेला दिसत नाही. तिकडे लाखो लोकांसमोर त्या माणसाचे हात थरथरले नाहीत, कारण कोण डोक्याशी, कोण छातीशी, कोण यंत्र आणायला पळणार, याची तालीम त्यांनी आधी वारंवार केलेली असते. आपल्याकडे तालीम शब्दाला काय वजन आहे ते पैलवानाला विचारा. रोज पहाटे उठून जोर काढल्याशिवाय कुणी आखाड्यात उतरत नाही. फिजिओ मात्र उतरतो.

पैलवानांचा विषय निघालाच आहे, तर एक कबुली. मी खांदा निखळलेला बघायला कॉलेजात नाही, तालमीत शिकले. एका म्हाताऱ्या वस्तादांकडे. त्यांनी मला हाड बसवायला शिकवलं नाही (आणि मी ते मैदानावर करतही नाही, त्याला डॉक्टर हवेत), पण खांद्याकडे बघायचं कसं ते शिकवलं. "पोरगी, आधी हात लावू नको. दोन्ही खांदे एका नजरेत घे. गोलाई गेली की समज." पुस्तकात हेच लिहिलेलं आहे, बऱ्यापैकी याच शब्दांत. पण त्या दिवसापासून मला ते दिसायला लागलं. आपल्या विभागातल्या किती प्राध्यापकांनी एखाद्या वस्तादाला, खो-खोच्या जुन्या मार्गदर्शकाला बोलावून मुलांसमोर बसवलं आहे? हाडवैद्यांना नावं ठेवण्यात आपला बराच वेळ जातो. लोक त्यांच्याकडे का जातात, याचं उत्तर सोपं आहे. ते तिथे असतात.

आता टेपिंगचं, म्हणजे सांध्याला आधाराची चिकटपट्टी बांधण्याचं. वर्गात टेपिंग शिकवताना विद्यार्थिनी एसीत टेबलावर पाय सोडून बसलेली असते, पाय कोरडा, घोटा काटकोनात, हातात नवा रोल. माझ्या संघात गेल्या हंगामात एक इंटर्न आली होती, तिच्या स्वतःच्या हट्टानं, सुट्टी काढून. हुशार मुलगी. पहिल्याच सामन्यात मध्यंतराला एका चढाईपटूचा घोटा परत बांधायचा होता. कबड्डीत मध्यंतर ५ मिनिटांचं. त्यातलं दीड मिनिट त्याचं पाणी पिण्यात आणि प्रशिक्षकाच्या शिव्या खाण्यात गेलं. पाय घामानं निथळतोय, नडगीवर केस, जुना टेप निघता निघेना, कात्री बोथट. तिनं नवा टेप लावला तो चिकटेचना. दुसरा लावला, त्यावर सुरकुती पडली. तोवर शिट्टी. तो अर्ध्या बांधलेल्या पायानं आत पळाला आणि ती हातातल्या गुंडाळीकडे बघत उभी राहिली. डोळ्यांत पाणी.

मी काही बोलले नाही. रात्री धर्मशाळेत तिला राखीव खेळाडूंचे पाय दिले. आधी पाण्यात बुडवायला लावले. पुसायचा कसा, कोरडा कुठवर करायचा, चिकट फवारा किती लांबून मारायचा, आधीच्या पट्ट्यांचं टोक कुठे ठेवलं म्हणजे बोटात फोड येत नाही. एका घोट्याला अर्ध्याहून जास्त रोल जातो, त्यामुळे सात घोट्यांनंतर माझा साठा संपत आला, पण आठव्या घोट्याला तिला अडीच मिनिटं लागली. तिसऱ्या आठवड्यात ती खेळाडूशी बोलत बोलत, खाली न बघता बांधत होती. हे कौशल्य शिकवायला मला विद्वत्ता लागली नाही. ओले पाय लागले आणि परत परत तेच पाय लागले.

पण टेपिंग ही त्यातली सोपी बाजू. अवघड आहे ते "नाही" म्हणणं. डॅश, म्हणजे धडक, बसून डोकं आपटलेल्या मुलाला आपण विचारतो, शेवटचा गुण कुणी घेतला? लोण कुणावर पडला? आपण कुठल्या गावात आहोत? तो अडखळला, किंवा उत्तर बरोबर दिलं पण डोळे भिरभिरत असले, तरी त्या दिवशी तो परत आत जायचा नाही. यात वाद नाही, जगभर हाच नियम आहे. पण समोर प्रशिक्षक असतो, त्याच्यामागे मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्यामागे बक्षिसाची रक्कम. तेवीस वर्षांच्या इंटर्नला ते सगळे "पोरी, तू बाजूला हो" म्हणतात. हे "नाही" म्हणायला कुठलं पुस्तक शिकवणार? ते मोठ्याच्या शेजारी उभं राहून, त्याचा आवाज ऐकून शिकायचं असतं. मी पहिल्यांदा "नाही" म्हटलं तेव्हा माझा आवाज फाटला होता. आता खालच्या पट्टीत, एकदाच म्हणते आणि खेळाडूचा बूट काढून स्वतःच्या पिशवीत टाकते. हा पिशवीचा उपाय मला एका जुन्या फिजिओनं दाखवला. बूट नाही तर मॅटवर जाणार कसा?

आणि उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये शिबिरं भरतात, दुपारी तीनला सराव सुरू होतो. कोसळलेल्या खेळाडूचं अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तर उष्माघात धरूनच चालायचं. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं आणि अर्ध्या तासाच्या आत ते खाली आणलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. म्हणून आधी गार करायचं, मग हलवायचं. २०१८ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात जॉर्डन मॅकनेअर हा १९ वर्षांचा खेळाडू सरावात असाच कोसळला. ताप मोजला गेला नाही, बर्फाच्या पाण्यात बुडवलं गेलं नाही, दोन आठवड्यांनी तो गेला. तिथे सगळी साधनं होती, प्रशिक्षित माणसंही होती. आपल्या गावात टब कुठून आणायचा, असं मला एका शिबिरात एका विद्यार्थ्यानं विचारलं. मंडपाची ताडपत्री काढा, सहा जणांनी कडा धरा, मध्ये खेळाडू, वरून पाणी आणि रसवंतीवाल्याकडची बर्फाची लादी फोडून टाका, आणि ताडपत्री झोळीसारखी हलवत राहा. ही पद्धत जगभरच्या क्रीडावैद्यकात मान्य आहे, मी शोधलेली नाही. आम्ही ती संघातल्या राखीव खेळाडूला आत झोपवून करून बघितली. पहिल्या वेळी दोन जणांच्या हातून कड सुटली आणि तो धपकन खाली आला. सगळे हसले. बरं झालं, तेव्हा सुटली.

आपल्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. पहिली अडचण मुलींची. आपल्या वर्गांत मुलीच जास्त, सामने रात्री दहा-अकरापर्यंत, संघ पुरुषांचा, कपडे बदलायला खोली नाही. पालक विचारणार, आणि त्यांनी विचारावंच. पण त्यावर मुलींना घरी बसवणं हा काही उपाय नव्हे. गुरू सोबत असावा ही माझी अट मुळात याचसाठी आहे. शिवाय महिलांच्या संघांना बाईमाणूस फिजिओ मिळत नाही म्हणून मुली पाळीतल्या पोटदुखीपासून छातीला बसलेल्या मारापर्यंत काही सांगत नाहीत, निमूट खेळतात. तिथे आपल्या विद्यार्थिनी गेल्या तर दोन्हीकडचं भलं आहे. आणि सुरुवात रात्रीच्या सामन्यांनीच करा असं कुठे आहे? जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा असतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. १४, १७, १९ वर्षांखालची मुलं-मुली, दिवसाउजेडी, बहुतेक ठिकाणी प्रथमोपचार म्हणजे शिक्षकांच्या टेबलावरची आयोडीनची बाटली. कॉलेजपासून अर्ध्या तासावर हे सगळं चालू असतं.

दुसरी अडचण, वेळ कुठून काढायचा. इतकी वर्षं सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये ऑर्थो, न्यूरो, कार्डिओ, कम्युनिटी बसवतानाच दमछाक व्हायची, मान्य. पण २०२१ च्या कायद्यानं झालेल्या, फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाच्या नव्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप वर्षाची होते आहे. ते वाढलेले सहा महिने जुन्याच पोस्टिंगचे दिवस दुप्पट करून भरायचे, की त्यात काही नवं घालायचं, हे आत्ता ठरेल. एकदा रोस्टर छापून झाला की पुढची दहा वर्षं तो तसाच चालतो, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तिसरी अडचण कुणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलते. शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण स्वतः कधी रेषेवर उभे राहिलेले नाहीत. यात कमीपणा काही नाही, न्यूरोचा उत्तम शिक्षक कबड्डीच्या मैदानावर गेलेला असायलाच हवा असं नाही. पण मग मैदानावर काम करणाऱ्या आपल्याच माजी विद्यार्थ्यांना मानद मार्गदर्शक म्हणून नेमा, त्यांच्या सहीला कागदावर किंमत द्या, जाण्यायेण्याचं भाडं द्या. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाल्यापासून आमच्यासारख्यांची संख्या वाढली आहे. बोलवा, येतील.

आणि लॉगबुकाचं काहीतरी करा. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर बसून चार मुलं एकमेकांच्या वहीतून "घोट्याचे टेपिंग, २०" असं उतरवून काढताना मी पाहिली आहेत, आणि त्याखाली झालेली सहीसुद्धा पाहिली आहे. आकड्याऐवजी प्रत्येक दुखापतीला एक पान द्या. कोण पडला, पहिल्या मिनिटात मला काय दिसलं, मी काय ठरवलं, मार्गदर्शकानं काय बदललं, आणि दहाव्या दिवशी ते प्रत्यक्षात काय निघालं. चार आठवड्यांत अशी आठ-दहा पानं झाली तरी पुष्कळ. ती उतरवून काढता येत नाहीत. २००५ मध्ये माझ्याकडे असं पान असतं तर त्यावर लिहिलेलं असतं, "चालून बघ म्हणाले". आणि त्याखाली लाल शाईनं कुणीतरी काहीतरी लिहिलं असतं.

बॅनरवर नाव टाकून घेऊन विद्यार्थ्यांना एकटं पाठवणं मात्र आजपासून बंद करा. चार आठवड्यांची योजना यायला वर्ष लागलं तरी चालेल, याला लागता कामा नये. फुकटची माणसं म्हणून इंटर्न वापरणाऱ्या आयोजकाला "मार्गदर्शक आला तरच विद्यार्थी येईल" हे एक वाक्य लेखी कळवलं की पुरे. मला फोन येतात तेव्हा मी तेच सांगते. काही जण पुन्हा फोन करत नाहीत. काही जण करतात आणि म्हणतात, "बरं, मग तुम्हीच या."

येत्या हंगामासाठी मी माझ्या संघाच्या बाकावर दोन जागा मोकळ्या ठेवल्या आहेत. सलग चार आठवडे येणारे दोन विद्यार्थी हवेत, कुठल्याही कॉलेजचे. राहण्याची सोय आमच्या गावातल्या एका शिक्षिकेच्या घरी होईल, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. सराव संध्याकाळी साडेपाचला सुरू होतो, विद्यार्थ्यांनी पाचला यावं, कारण खेळाडू मैदानात शिरताना कसे चालतात ते बघायचं असतं. येताना चांगली कात्री आणावी. आमची अजून तीच आहे.

आपली नम्र,
एक मैदानी फिजिओथेरपिस्ट,
सांगली जिल्हा